चिऊताईला दार बंद

चिमणीला मूठभर तांदूळ टाकले म्हणून कोणाचे नुकसान झाले, असे मी उभ्या आयुष्यात कधी ऐकले नव्हते. आमच्या घरी तर ती रीतच होती. आई तांदूळ निवडायला बसली की सुपातली कणी अंगणात पडायची आणि चिमण्यांचा थवा उतरायचा. पुढे वाडा गेला, फ्लॅट आला, अंगणाची गॅलरी झाली. पण कणी टाकायची सवय काही सुटली नाही. गॅलरी सोडून गेल्या त्या चिमण्याच.

म्हणून दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी घरामागच्या लाकडी कठड्यावर चिमणी दिसताच मला केवढा आनंद झाला! पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या वायव्य टोकाला, इरी सरोवराजवळचे गाव. बाहेर अजून गारठा. माणूस म्हणून रस्त्यावर दिसत नाही. आणि अशा ठिकाणी गळ्याखाली काळा डाग असलेला, आपल्याच वळणाचा चिमणा टुणटुण उड्या मारतो आहे. परक्या गावात माहेरचे माणूस भेटावे तसे झाले. मी आत हाक मारली, "अगं, लवकर ये, चिमणी!" सौ. तांदळाचा डबा घेऊनच बाहेर आली. त्या दिवसापासून सकाळी आठ वाजता कठड्यावर मूठभर तांदूळ आणि उरलेल्या पावाचा चुरा हा आमचा नेम झाला. पाहुण्यांची संख्या आठवड्याभरात चारावरून वीसवर गेली. मुलगी हसायची. म्हणायची, "बाबा, तुमचं इथं चांगलं जमलं!"

कुंपणापलीकडे एक आजोबा एकटेच राहत. वय ऐंशीच्या घरातले, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या हिरवळीच्या मधोमध पंधरा फूट उंच खांब होता आणि त्यावर पांढऱ्या ॲल्युमिनियमची एक इमारत. दोन मजले, बारा खोल्या, प्रत्येक खोलीला छोटा सज्जा. खाली दांडीला चार पांढरे भोपळे टांगलेले. मला वाटले, कबुतरखाना असेल. आजोबा रोज घडीची खुर्ची टाकून आकाशाकडे बघत बसायचे. इमारतीची सगळी दारे मात्र बुचे लावून बंद. भाड्याने द्यायची जागा आणि कुलूप घालून ठेवलेली! एके दिवशी दुपारी त्यांनी टोपी हवेत उडवली, दोर सोडून इमारत खाली घेतली आणि घाईघाईने तीन-चार दारांची बुचे काढली. त्यांचे भाडेकरू आले होते.

हे भाडेकरू म्हणजे पर्पल मार्टिन. आपल्याकडे तारांवर ओळीने बसणाऱ्या भिंगऱ्यांच्या कुळातला हा पक्षी, उत्तर अमेरिकेत त्या कुळातला सर्वांत मोठा. नर निळसर-जांभळट काळा, उन्हात अंगावर रेशमाची झाक. मादी पोटाशी करडी. गळ्यातून घुळघुळ असा पाण्यासारखा आवाज. हिवाळा काढायचा दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलच्या बाजूला. वसंतात परत यायचे. २००७ साली संशोधकांनी पेन्सिल्व्हेनियातल्याच काही मार्टिनच्या पाठीवर अगदी हलकी यंत्रे बांधली होती. त्यांतली एक मादी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून निघून अवघ्या १३ दिवसांत सुमारे ७,५०० किलोमीटर अंतर कापून घरी परतल्याचे त्यातून कळले. वजन म्हणाल तर पन्नास ग्रॅमच्या आसपास, आपल्या लिंबाएवढे.

आणि "घरी" हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. मार्टिन मुळात झाडाच्या ढोलीत, सुतार पक्ष्याने कोरून सोडलेल्या भोकात राहणारा. पश्चिमेकडे तो अजूनही तसा राहतो. ॲरिझोनाच्या वाळवंटात तर उंच निवडुंगाच्या भोकातही. पण रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या मार्टिनने रानातले बिऱ्हाड जवळपास मोडलेच. तिथले मूळ रहिवासी, चोक्टॉ आणि चिकासॉ लोक, वस्तीजवळ वाळके भोपळे टांगून त्यात या पक्ष्यांना जागा देत, हे दोनशे वर्षांपूर्वीच्या नोंदींत आहे. भोपळा तोच, ज्याच्या तुंब्याची आपल्याकडे एकतारी होते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तोच रिवाज उचलला आणि लाकडी घरे बांधली. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी माणसाच्या दारी जन्मला, दारी वाढला. आज पूर्वेकडचा मार्टिन जवळजवळ सर्वस्वी माणसाने दिलेल्या घरांवर अवलंबून आहे. घर देणाऱ्यांना तिकडे गमतीने "लँडलॉर्ड" म्हणतात. हा घरमालक भाडे घेत नाही, उलट आपणच भाडेकरूच्या मिनतवाऱ्या करतो, एवढाच फरक.

आता मूळ गोष्टीवर येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी आजोबांनी मला कुंपणापाशी बोलावले. इमारत खाली उतरवलेली होती. त्यांनी एका खोलीचे झाकण उघडून दाखवले. आदल्या दिवशी तिथे पाच पांढरी अंडी होती. त्या दिवशीही पाचच होती, पण प्रत्येकाला एकेक भोक. बलक सुकून पानांना चिकटलेला. आणि त्यावर वाळके गवत, कोंबडीचे पीस, कसल्याशा प्लॅस्टिकची दोरी असा पसारा रचायला कोणीतरी सुरुवात केली होती. शेजारच्या खोलीत नुकते अंड्यातून निघालेले एक पिल्लू डोक्यावर टोच बसून मेलेले.

"साप?" मी विचारले.

त्यांनी मान हलवली आणि आमच्या कठड्याकडे पाहिले. तिथे आठची पंगत बसली होती. "तुमचे पाहुणे," ते शांतपणे म्हणाले, "सकाळी जेवतात तुमच्याकडे आणि राहायला येतात माझ्याकडे."

मला आधी ते खरेच वाटेना. चिमणी? काऊ-चिऊच्या गोष्टीतली? पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि आत बाळाला न्हाऊमाखू घालणारी चिऊताई त्याला थांब म्हणते, ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली आणि त्याच घरात बसून नातवाला सांगत होतो. पण आजोबांनी काडीने तो गवताचा पसारा बाजूला केला आणि पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी एक शब्द रागाने उच्चारला असता तर मला बरे वाटले असते.

त्यानंतरचे चार महिने मी या विषयाचा विद्यार्थी झालो. जे कळले ते आपल्या वाचकांना सांगितले पाहिजे, कारण यात आपलाही धडा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चिमणी अमेरिकेची नव्हे. १८५१-५२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ती इंग्लंडहून आणून सोडली. झाडांवरच्या अळ्या ती खाऊन टाकेल, ही एक आशा. आणि युरोपातून आलेल्या लोकांना मायदेशाचा ओळखीचा पक्षी अंगणात हवा होता, ही दुसरी ओढ. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. दीडशे वर्षांपूर्वी ज्या भावनेने तिला तिथे नेले, नेमक्या त्याच भावनेने मी कठड्यावर तांदूळ टाकत होतो!

चिमणीपाठोपाठ १८९० साली युजीन शिफेलिन नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातले ६० स्टार्लिंग सोडले, पुढच्या वर्षी आणखी ४०. शेक्सपिअरच्या नाटकांत उल्लेख असलेले सगळे पक्षी अमेरिकेत आणायचे म्हणून त्यांनी हे केले, अशी एक गोड कथा सांगतात. तिला आधार सापडत नसल्याचे अलीकडे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कथा खोटी असली तरी पक्षी खरे निघाले. हा स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीचा आणि भोरडीचा भाऊबंद. आज तो अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत पसरला आहे. दोघेही भोकात घरटे करणारे आणि दोघांचाही डोळा मार्टिनच्या खोल्यांवर.

दुसरी गोष्ट अशी की ही लढाई बरोबरीची नाही. चिमणी मार्टिनच्या निम्म्या वजनाची. पण ती कुठे जात नाही. बर्फातही ती तिथेच असते आणि मार्टिन ब्राझीलहून निघायच्या आधीच चांगल्या खोल्या धरून बसते. चिमणा एकदा भोकाला चिकटला की हटत नाही. आसपासच्या खोल्यांत शिरून अंडी फोडतो, पिल्ले मारतो, कधी बसलेल्या मोठ्या पक्ष्यावरही तुटून पडतो. स्टार्लिंग तर अंगानेच भारी. मार्टिनचे सगळे सामर्थ्य पंखांत. उंच आकाशात उडता उडता चतुर, भुंगे, पंखवाल्या मुंग्या पकडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण सहा इंचांच्या खोलीत कोंडून भांडायचे म्हटले की त्याचे काही चालत नाही.

मग उपाय? स्टार्लिंगवर एक नामी उपाय मार्टिनपाळ्यांनी शोधला आहे. गोल भोकाऐवजी अर्धचंद्राच्या आकाराचे, जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचे दार ठेवायचे. मार्टिनचे पाय आखूड, तो पोटावर घसरत आत जातो. स्टार्लिंगची छाती अडकते. कोणी गज नाही, कुलूप नाही. दाराची उंची तेवढी बदलली. आजोबांच्या खोल्यांना अशीच दारे होती. पण मार्टिन ज्या दारातून जाईल त्यातून त्याच्याहून लहान असलेली चिमणी जाणारच. तिला अडवणारे दार नाही. तिथे माणूसच दारावर बसावा लागतो.

म्हणजे काय करावे लागते? पक्षी परतेपर्यंत बुचे काढायची नाहीत. खांब मोकळ्यावर हवा. झाडांपासून चाळीस-साठ फूट दूर, पण माणसाच्या घराजवळ. दर आठवड्याला इमारत कप्पीने खाली घ्यायची, प्रत्येक खोली उघडून अंडी-पिल्लांची नोंद वहीत करायची, चिमणीचा पसारा दिसला की काढायचा. मार्टिनच्या घरट्याला १९१८ च्या कायद्याचे संरक्षण आहे. चिमणी आणि स्टार्लिंग बाहेरून आणलेले, म्हणून त्यांना ते नाही. आणि आसपास बाजरी, मक्याचा भरडा, पाव, तांदूळ असले काही टाकायचे नाही. ही शेवटची सूचना वाचताना माझे काय झाले असेल, याची कल्पना करा.

इथवर कोणाचे मन दुखणार नाही. पण घरटे काढले की चिमणा चवताळून शेजारच्या खोल्यांवर राग काढतो, असा या मंडळींचा अनुभव आहे. म्हणून पुष्कळ जण पुढची पायरी गाठतात. पिंजरा लावून चिमण्या पकडतात आणि मारतात. आजोबाही मारत. लपवून नव्हे, आणि फुशारकीनेही नव्हे. मी विचारले, "दूर नेऊन सोडल्या तर?" ते म्हणाले, "तिथंही कोणाची तरी खोली असेलच की."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. तरी माझ्या हातून ते होण्यातले नव्हते. आजोबांनी मला दुसरे काम दिले. चिमण्यांसाठी त्यांनी कोपऱ्यात एक वेगळी पेटी लावली. तिच्यात अंडी घातली गेली की ती काढून मक्याच्या तेलात बुडवायची आणि परत ठेवायची. कवचाची छिद्रे बुजतात, पिल्लू धरत नाही आणि चिमणी त्यावर बसून राहते. दुसरीकडे खोली शोधत फिरत नाही. तेलाच्या वाटीपर्यंत मी गेलो. पिंजऱ्यापर्यंत गेलो नाही. सौ.ला दोन्ही पटले नाही. "तुमच्या हातून अंडी नासवायची म्हणजे..." एवढे बोलून ती आत गेली आणि दोन दिवस त्या विषयावर घरात शांतता होती.

तिचे म्हणणे अनेक वाचकांच्याही मनात येईल. निसर्गाचे निसर्ग बघून घेईल, आपण मध्ये पडणारे कोण? हे ऐकायला मोठे शहाणपणाचे वाटते. पण त्या हिरवळीवर निसर्गाचे असे होतेच काय? खांब माणसाचा, इमारत माणसाची, रानातल्या ढोल्या सोडून पक्ष्याला दारी आणून बसवले माणसाने आणि त्याच्या वैऱ्याला जहाजात घालून आणले तेही माणसानेच. इतके सगळे केल्यावर ऐन वेळी हात झटकून "मी मध्ये पडत नाही" म्हणणे याला तटस्थता म्हणत नाहीत. आपण आधीच मध्ये पडलो आहोत. मी तर मूठमूठ तांदूळ टाकून एका बाजूने पडलो होतो, फक्त मला ते माहीत नव्हते.

चिमणीचा यात दोष कसलाच नाही. जिथे सोडली तिथे ती जगली. म्हणूनच तिच्याबद्दल राग नको आणि उगाच उमाळाही नको. पक्षी वाईट किंवा चांगला नसतो. त्याची जागा योग्य की अयोग्य, एवढाच प्रश्न असतो. हे पटत नसेल तर आपल्याच अंगणात पाहा. जगात सर्वाधिक उपद्रवी ठरलेल्या १०० परक्या जीवांची एक यादी निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली आहे. तिच्यात पक्षी तीनच. एक स्टार्लिंग, आणि उरलेले दोघे कोण? आपली साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल! साळुंकी १८६२ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सोडली गेली आणि आता तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते. इथे तिला गोष्टीत मानाचे पान. तिथे तिच्यासाठी पिंजरे.

माझे म्हणणे एवढेच आहे की घर देणे हा निम्मा धर्म झाला. उरलेला निम्मा म्हणजे त्या घराची राखण, आणि ती गोड नसते. अमेरिकेतही सगळे काही आजोबांसारखे नाहीत. १९६०च्या दशकात तिथे या घरांची मोठी लाट आली. एक मार्टिन दिवसाला २,००० डास खातो, अशी जाहिरात इलिनॉय राज्यातल्या ग्रिग्सव्हिल गावातून देशभर झाली. मार्टिन दिवसा उंचावर खातो, डास तिन्हीसांजेला जमिनीलगत निघतात. दोघांची गाठ क्वचितच पडते, हे १९६८ साली हर्बर्ट केल या अभ्यासकाने "ऑक" या नियतकालिकात मांडले. तोवर हजारो खांब उभे राहिले होते. त्या भागात फिरताना मला असे कितीतरी खांब दिसले. गंजलेले, वाकलेले, दारातून गवताचे झुपके लोंबणारे. मार्टिनसाठी लावलेले, चिमण्यांनी भरलेले. अशा घरापेक्षा घर नसणे बरे. तिथे दर वर्षी चिमण्यांच्या नव्या पिढ्या तयार होतात आणि शेजारच्या सांभाळलेल्या खांबावर जाऊन पडतात.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. इथे चिमणी घरची आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळतात. दिल्लीने २०१२ साली तिला राज्यपक्षी केले. देशभराचा हिशेब मांडला तर तिची संख्या बरीचशी टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र ती घटली, असे २०२०च्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात दिसते. म्हणून शहरात तिला पेटी लावणे योग्यच. पण लावल्यावर?

ऑक्टोबरमध्ये परतलो तेव्हा आमच्या सोसायटीच्या जिन्यात टांगलेली लाकडी पेटी आठवली. तीन वर्षांपूर्वी चिमणी दिवसाला समारंभाने लावलेली. फोटोत मीही होतो, हार घातलेला. स्टूल घेऊन चढलो आणि आत पाहिले. गांधीलमाश्यांचे वाळके पोळे, वर कोळिष्टके, आणि पेटीला तळ किंवा झाकण उघडायची सोयच नाही. तीन वर्षांत एकदाही कोणी डोकावले नव्हते, मीसुद्धा. सुताराकडून तिला बिजागरी बसवून घेतली, साफ केली, पावसापासून आडोशाला टांगली. दर रविवारी बघतो. वहीत तारीख लिहितो.

आजोबांच्या खांबावर त्या वर्षी जुलैअखेर १९ पिल्ले उडाली, मीच मोजली होती. ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी खांब एकदम मुका झाला. आजोबांनी इमारत उतरवली, खोल्या धुतल्या आणि एकेका दाराला बूच लावायला मला दिले. कठड्यावर दोन चिमण्या येऊन बसल्या होत्या आणि रिकाम्या लाकडाकडे बघत होत्या. नातवाने विचारले, "आजोबा, चिऊला तांदूळ?" मी त्याला उचलून आत नेले. त्या रात्री काऊ-चिऊची गोष्ट त्याने मागितली, तेव्हा मी नेहमीसारखीच सांगितली. पण दाराशी आलो आणि आत कोण, बाहेर कोण, हे सांगताना जरा अडखळलो.